छोट्या बारमध्ये बास वाजवताना : मला ऐकू येत नाही आणि वरच्या मजल्याला सहन होत नाही

खर्जप्रेमी, पुणे

नमस्कार. मी गेली सहा वर्षे बास गिटार वाजवतो आहे आणि त्यांपैकी दोन वर्षे आमच्या चौघांच्या रॉक बँडमध्ये. त्याआधी नऊ वर्षे ढोल पथकात होतो, त्यामुळे जड आवाजाची ओढ जुनीच आहे. कर्वेनगरजवळच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटा बार आहे. तिथे आम्ही एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी साडेसात ते पावणेदहा या वेळेत वाजवतो. ऐकायला येणारी माणसे त्याच परिसरातली असतात, बहुतेकांचे चेहरे आता ओळखीचे झाले आहेत, आणि ही जागा आमच्या हातून जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी आहे. बँडला दिलेली जागा काउंटरच्या पलीकडच्या कोपऱ्यात आहे आणि माझा १०० वॉटचा, पंधरा इंची स्पीकर असलेला अ‍ॅम्प त्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला असतो. मी त्याच्यापुढे चार फुटांवर उभा राहतो. तिथे मला माझा बास धड ऐकू येत नाही. बोटे फिरत असतात, तारा हलताना दिसतात, पण कानापर्यंत पोहोचते ती केवळ एक अस्पष्ट घरघर. म्हणून मी आवाज वाढवतो. वाढवला की काउंटरवरून मालक हाताने खुणावतात, कारण छताजवळच्या फळीवर उलटे टांगलेले ग्लास एकमेकांवर आपटून किणकिणू लागतात. विशेषतः ए हा स्वर लागला, मग तो मोकळ्या तारेवर असो किंवा ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पाचव्या धातूच्या पट्टीवर), की सगळी खोली गुंजते आणि तो स्वर पुढच्या दोन स्वरांवर सांडतो. त्याच्या शेजारचा जी मात्र मुकाट येऊन जातो.

बारच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, एक वयस्क जोडपे राहते. गेल्या महिन्यात त्यांतले काका खाली आले, दारातच थांबले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "गाणं ऐकू येत नाही हो, नुसतं इथे धडधडतं." ते रागावले असते तर मला कदाचित इतके लागले नसते. मालकांनी फोनवरच्या ॲपने मोजून दाखवले, तेव्हा आकडा ७८ डेसिबलच्या आसपास होता आणि त्यांच्या मते तो फार नव्हता. आमच्या गायकाचे म्हणणे असे की अ‍ॅम्प लहान असल्यामुळे आवाज फाटतो आणि घुमतो, म्हणून मी ३०० वॉटचा घ्यावा. त्यासाठी मी काही पैसे बाजूला काढलेही आहेत. खोली साधारण २८ फूट लांब व १६ फूट रुंद आहे. मोठा अ‍ॅम्प घेतल्याने हा प्रश्न सुटेल का, की दोष माझ्या वाजवण्यात आहे, हे जाणकारांनी कृपया स्पष्टपणे सांगावे.

ध्वनिसेवक, ठाणे

कृपया नवा अ‍ॅम्प घेऊ नका. मी एकोणीस वर्षे लहानमोठ्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था पाहतो आणि तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात अ‍ॅम्पचा दोष मला कुठेच दिसत नाही. दोष खोलीचाही म्हणता येणार नाही; मात्र तुमचा बास आणि ती खोली मिळून एकच वाद्य झाले आहे आणि त्या वाद्याची एक तार फार मोकळी सुटली आहे.

तुम्ही लांबी आणि रुंदी दिली, उंची दिली नाही. माझा अंदाज असा की जमिनीपासून स्लॅबपर्यंतचे अंतर सुमारे दहा फूट चार इंच असावे. हा अंदाज तुमच्या ए स्वरावरून केला आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही ठिकाणचा ए म्हणजे सेकंदाला ५५ कंपने, अर्थात ५५ हर्ट्झ. आपल्याकडच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला, तर या स्वराच्या लहरीची लांबी ६.३ मीटर येते आणि तिची निम्मी लांबी ३.१५ मीटर. ज्या खोलीत समोरासमोरच्या दोन कठीण पृष्ठभागांमधले अंतर एखाद्या स्वराच्या निम्म्या लहरीइतके असते, तिथे तो स्वर त्या दोन पृष्ठभागांमध्ये अडकून उभा राहतो आणि वादकाने तार सोडल्यावरही काही काळ विरत नाही. तुमच्याकडे ते दोन पृष्ठभाग म्हणजे फरशी आणि स्लॅब.

आता यातली खरी मेख पाहा. अशा उभ्या लहरीचा दाब फरशीशी आणि स्लॅबशी सर्वांत जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. दहा फूट चार इंचांचा मध्य म्हणजे पाच फूट दोन इंच. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या उभ्या माणसाचे कान नेमके तिथेच येतात. म्हणजे त्या खोलीत हा स्वर सर्वांत कमी जिथे आहे, तिथे तुम्ही कान नेऊन उभे राहता, ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवता, आणि तो वाढलेला आवाज खुर्चीत बसलेल्यांना, छताजवळच्या ग्लासांना आणि स्लॅबच्या वर राहणाऱ्या काकांना मिळतो. यात तुमच्या कानांची काही चूक नाही.

अ‍ॅम्प कोपऱ्यात जमिनीवर असणे हे या आजाराला खतपाणी आहे. तिथे स्पीकरला दोन भिंती आणि फरशी असे तीन पृष्ठभाग मिळतात आणि खालचे स्वर फुगतात. शिवाय फरशीजवळचा स्पीकर ही उभी लहर सर्वांत जोराने हलवतो. उलट तोच स्पीकर खोलीच्या मध्य उंचीजवळ नेला, तर त्याला ती लहर उठवताच येत नाही. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. अ‍ॅम्प कोपऱ्यातून निदान तीन फूट बाहेर काढा आणि भक्कम टेबलावर अशा रीतीने ठेवा, की स्पीकरचा मध्यबिंदू साडेचार ते पाच फुटांवर येईल. तो पट्ट्याने बांधून ठेवा. इतके वजन कोणाच्या पायावर पडता कामा नये.

दुसरा उपाय अ‍ॅम्पच्या बटणांचा. खालचे स्वर वाढवून बास स्पष्ट होत नाही. आपला कान मूळ स्वर क्षीण असला तरी त्याच्यासोबत उमटणाऱ्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या उपस्वरांवरून तो ओळखतो. ज्यांनी तंबोरा जवळून ऐकला आहे त्यांना खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येण्याचा अनुभव असेल. तार षड्जाची आणि ऐकू येतो गांधार, कारण पाचवा उपस्वर तिथे असतो. बासचेही तसेच आहे. ४० हर्ट्झच्या खालचे सगळे कापा, ५५ ते ६० च्या आसपास थोडे कमी करा आणि ७०० ते ८०० च्या पट्ट्यात थोडे वाढवा, म्हणजे बोटाचा स्पर्श आणि स्वराची सुरुवात ऐकू येईल. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज किरटा वाटेल, पण ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर तोच कामी येतो.

मालकांच्या ॲपविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते ६. ही मोजणी ज्या पद्धतीने होते ती मानवी कानाची नक्कल करणारी असल्याने खालच्या स्वरांना फार कमी वजन देते. ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. बहुतेक ॲपही तीच पद्धत वापरतात आणि फोनचा माइकही इतका खालचा स्वर नीट पकडत नाही. त्यामुळे आकडा निर्धास्त करणारा दिसतो आणि वरच्या घरात भिंत थरथरत असते. काका जे सांगत आहेत ते त्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय माना.

उंची मोजून जरूर कळवा.

पहिला मजला, डोंबिवली

मी संगीतातली नाही. मी त्या काकांच्या बाजूची आहे. आमच्या इमारतीखाली तीन वर्षे असाच एक बार होता, म्हणून लिहिते आहे. वर काय पोहोचते याची कल्पना खाली वाजवणाऱ्याला सहसा नसते. गाण्याचे शब्द वर येत नाहीत, चाल येत नाही, टाळ्या येत नाहीत. येतो तो फक्त एक ठोका, आणि तोही कानाने ऐकण्याआधी पलंगाच्या पायातून जाणवतो. गाणे ऐकू आले असते तर निदान आता संपत आले आहे हे कळले असते. नुसत्या ठोक्याला शेवट नसतो, तो कधी थांबेल याची वाट पाहण्यातच संध्याकाळ जाते. माझ्या सासऱ्यांना हृदयविकार होता आणि ते स्वतःची नाडी धरून बसायचे, कारण धडधड आतली की बाहेरची हे त्यांना समजत नसे.

तुम्ही हा प्रश्न इथे विचारलात, याचे मला बरे वाटले. एक विनंती आहे. वाजवायचा दिवस नसेल तेव्हा त्या काकांच्या घरी जा, त्यांच्या खोलीत बसा आणि खाली दुसऱ्या कोणाला तरी तुमचा बास वाजवायला सांगा. स्वतःच्या कानांनी ऐका.

मडगावकर, गोवा

वरच्या दोन्ही प्रतिसादांत महत्त्वाचे येऊन गेले आहे, म्हणून मी फक्त हातांविषयी लिहितो. माझे वय ६७ आहे. मुंबईत आणि नंतर गोव्यात लग्नांच्या, नाताळच्या आणि हॉटेलांच्या बँडमध्ये मी बास वाजवत आलो, आणि त्यातला बराच काळ पत्र्याच्या मांडवांत आणि तुमच्या बारपेक्षाही वाईट घुमणाऱ्या दालनांत गेला.

तुम्ही विचारले आहे की दोष वाजवण्यात आहे का. दोष म्हणणार नाही, पण सवय असावी असे वाटते, आणि ती ढोलातून आली असावी. ढोल रस्त्यावर वाजतो. ठोका पडला की तो मोकळ्या आकाशात निघून जातो, त्याला थांबवण्याची जबाबदारी वादकावर नसते. बंद खोलीत ती जबाबदारी सर्वस्वी बासवाल्याची आहे. बासमध्ये स्वर कधी सुरू करायचा हे सहा महिन्यांत येते. तो कधी थांबवायचा हे यायला मला दहा वर्षे लागली. खोलीचा घुमारा भरायलाही थोडा वेळ लागतो, त्यामुळे आखूड वाजवलेला ए खोलीला पकडता येत नाही, आणि लांब धरलेला ए ती गिळून टाकते.

डाव्या हाताचे बोट फ्रेटवर दाबून स्वर काढल्यावर दाब सैल करा, पण बोट तारेवरून उचलू नका. तार गप्प होते. मोकळी ए तार वाजवणे तूर्त बंद करा आणि तोच स्वर ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर घ्या, कारण दाबलेला स्वर थांबवणे सोपे असते. घरी मिनिटाला ८० मात्रांची लय लावा, पहिल्या मात्रेवर स्वर काढा आणि दुसऱ्या मात्रेवर जिथे स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) फटका येतो, बरोबर तिथे तो थांबवा. तिसऱ्यावर पुन्हा काढा, चौथ्यावर थांबवा. पंधरा मिनिटे एवढेच. स्नेअरला मोकळी जागा मिळाली की संपूर्ण बँड स्वच्छ वाटू लागतो, आणि बास पूर्वीपेक्षा मोठा ऐकू येतो, अ‍ॅम्पचे बटण तिथेच असले तरीही. बँडमध्ये उभे राहताना ड्रमवाल्याच्या हाय-हॅटच्या (जोड झांजेच्या) बाजूला राहा, म्हणजे त्याचा उजवा पाय दिसेल. किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) ठोका आणि तुमचा स्वर एकत्र पडला तर दोघांनाही जोर लावावा लागत नाही.

आणखी एक जुनी युक्ती. तारांच्या खाली, ब्रिजला, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीला, अगदी चिकटून, स्पंजची पट्टी सरकवा. ती तारांना हलकेच टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. ही पळवाट समजू नका. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला, तो नाचाच्या बँडमध्ये मोठा उभा बास ऐकू येत नसे आणि त्याची ने-आण जिकिरीची होती म्हणून. आणि पुढे त्या बासच्या ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंज बसवूनच येत असे. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांवर बास वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत, जाड गुळगुळीत तारा वर्षानुवर्षे बदलत नसत आणि तो स्पंजही त्यांनी काढला नव्हता. त्यांच्या बासचा एकेक स्वर ठसठशीत, गोल आणि वेळेवर संपणारा आहे. तुमच्या बारला अशाच स्वराची गरज आहे.

खर्जप्रेमी, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी उत्तर देतो आहे, कारण सांगितलेले सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

उंची मोजली. दहा फूट तीन इंच भरली. ध्वनिसेवक, टेप हातात असताना मी तो आकडा दोनदा वाचला.

डोंबिवलीच्या ताईंच्या सूचनेप्रमाणे एका मंगळवारी दुपारी, बार उघडण्याआधी, मी वर गेलो. काकूंनी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या फळीखालच्या स्टुलावर मला बसवले, कारण "जास्त इथेच होतं" असे त्या म्हणाल्या. खाली आमचा गिटारवाला माझा बास घेऊन बसला होता आणि फोनवर स्वराचे नाव सांगून एकेक स्वर वाजवत होता. ई वाजला, काही विशेष नाही. जी वाजला, जवळपास शांतता. ए वाजला आणि फळीवरच्या डाळीच्या स्टीलच्या डब्याचे झाकण थरथरू लागले. मी भिंतीला तळहात लावला, तेव्हा तो स्वर हाडात शिरल्यासारखा वाटला. आणि स्वर म्हणूनही तो ओळखता येत नव्हता, फक्त थरथर होती. दोन वर्षे मी हे या घरात पाठवत होतो. काकू माझ्याकडे पाहत होत्या आणि मला काही वेळ बोलता आले नाही.

मग बारमधल्या उंच टेबलावर एक रिकामे क्रेट ठेवून त्यावर अ‍ॅम्प चढवला, पट्ट्याने बांधला, कोपऱ्यातून बाहेर ओढला आणि बटणे बदलली. स्पीकरचा मध्य चार फूट नऊ इंचांवर आला. आवाजाचे बटण त्याच आकड्यावर ठेवून गिटारवाल्याला पुन्हा ए वाजवायला सांगून मी वर गेलो. झाकण हलले नाही. भिंतीला कान लावल्यावर दूरवरून आल्यासारखा हलका स्वर होता आणि आता तो ए आहे हे कळत होते.

भांडी घासायच्या स्पंजची पाऊण इंची पट्टी ब्रिजजवळ बसवली आहे. मडगावकरकाका, तुमचा सराव रोज करतो आहे. पहिल्या आठवड्यात तो कंटाळवाणा वाटला, दुसऱ्या आठवड्यात माझेच जुने रेकॉर्डिंग ऐकवेना, कारण प्रत्येक स्वर पुढच्यावर लोळण घेत होता. आमच्या ड्रमवाल्याला मी काही सांगितले नव्हते. सरावाच्या वेळी त्यानेच थांबून विचारले की मी काही वेगळे करतो आहे का, कारण त्याला आपला स्नेअर नवा वाटत होता.

गेल्या शनिवारी वाजवले तेव्हा बटण पाचवरून तीनवर होते आणि पहिल्यांदाच माझा प्रत्येक स्वर मला ऐकू आला. ग्लास किणकिणले नाहीत. काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितले की एक गाणे सोडून बाकी टीव्ही नीट ऐकू आला. ते गाणे ए मध्येच आहे आणि त्यात मला तो स्वर चार चार मात्रा धरावा लागतो. गायकाशी बोललो, पुढच्या वेळेपासून ते एक पूर्ण स्वर खाली, जी मध्ये घ्यायचे ठरले आहे आणि त्याच्या गळ्यालाही ते सोयीचे आहे.

एक नवी गोष्ट मात्र जाणवते. वरचा ए, म्हणजे डी तारेच्या सातव्या फ्रेटवरचा, आता मी उभा असतो तिथे थोडा मोठा येतो. पूर्वी तसा येत नव्हता. याचे कारण काय असावे?

ध्वनिसेवक, ठाणे

तो ११० हर्ट्झचा स्वर आहे, त्याच उंचीत बसणारी दुसरी लहर. तिचा दाब फरशी आणि स्लॅबप्रमाणेच मध्यावरही मोठा असतो, म्हणून स्पीकर मध्याजवळ नेल्यावर ती थोडी उठली आहे. तिचा दाब शून्य होतो तो उंचीच्या पाव भागावर, तुमच्याकडे सुमारे अडीच फुटांवर, त्यामुळे दोघींचा समतोल साधायचा तर क्रेट काढून स्पीकरचा मध्य सव्वाचार फुटांच्या आसपास आणून पाहा. तरीही राहिली तर ११० जवळ तीन डेसिबल कमी करा, त्याहून जास्त नको, नाहीतर बासचा गाभाच जाईल. वरच्या घराची फारशी काळजी नसावी, कारण हा स्वर स्लॅब पुष्कळ चांगला अडवते. पण काकूंच्या डब्याच्या झाकणावरून खात्री करून घ्या. आणि पावसाळ्यात बारची दारेखिडक्या बंद राहू लागतील तेव्हा खोलीचा स्वभाव पुन्हा थोडा बदलेल, म्हणून जूनमध्ये पहिल्या कार्यक्रमाआधी एकदा वर जाऊन बसा.